इंग्रजीतील विशेषण-वाक्ये आणि आपले ‘जो–तो’

बहुव्रीही समासाचा विग्रह ज्याने शाळेत एकदा तरी केला आहे, त्याला इंग्रजीतील ‘रिलेटिव्ह क्लॉज’ अगदीच परका नाही. नीलकंठ म्हणजे निळा आहे कंठ ज्याचा असा तो. वीतराग म्हणजे निघून गेला आहे राग ज्याचा असा तो. जितेंद्रिय म्हणजे जिंकली आहेत इंद्रिये ज्याने असा तो. या प्रत्येक विग्रहात एक ‘ज’ आहे, एक ‘त’ आहे आणि त्या दोहोंच्या आधाराने उभे असलेले एक लहानसे वाक्य आहे. इंग्रजीत ‘हू’, ‘हूम’, ‘हूज’, ‘विच’ आणि ‘दॅट’ या शब्दांनी सुरू होणारी विशेषण-वाक्ये नेमके हेच कार्य करतात. तरीही आपल्या घरातील मुले याच ठिकाणी अडखळतात. इंग्रजी माध्यमात शिकणारी मुलेही त्यास अपवाद नाहीत. कल्पना ओळखीची आहे. तिची मांडणी मात्र उलटी आहे, आणि गोंधळ होतो तो तेथे.

मराठी आधी अट सांगते, मग वस्तू. ‘काल जे पाहुणे आले होते, ते आज सकाळी गेले’ असे आपण म्हणतो. किंवा सारेच आटोपशीर करून ‘काल आलेले पाहुणे आज सकाळी गेले’ असे म्हणतो. दोन्ही रचनांत पाहुण्यांचे वर्णन पुढे आहे. इंग्रजीत आधी पाहुणे येतात आणि त्यांचे वर्णन त्यांच्या पाठोपाठ येते: ‘द गेस्ट्स हू केम येस्टरडे लेफ्ट धिस मॉर्निंग’. येथे मराठी मनाला चुकल्याचुकल्यासारखे वाटते, कारण आपला ‘ते’ कोठेच दिसत नाही. मग विद्यार्थी तो आपल्या पदरचा घालतो आणि लिहितो, ‘द गेस्ट्स हू केम येस्टरडे, दे लेफ्ट’. ‘द बुक विच आय बॉट इट’ ही चूकही त्याच कुळातली. इंग्रजीत ‘विच’ या एका शब्दानेच पुस्तकाचा प्रतिनिधी उभा केलेला असतो. त्याच्या पाठीमागे ‘इट’ हा दुसरा प्रतिनिधी धाडण्याचे कारण उरत नाही. मराठीत ‘जो’ला ‘तो’ लागतोच, कारण आपल्याकडे ती जोडी आहे. इंग्रजीत जोडी नाही.

ही जोडी फार प्राचीन आहे. संस्कृतात ‘यः–सः’, प्राकृतात ‘जो–सो’, मराठीत ‘जो–तो’. येथे एक योगायोग नमूद करण्याचा मोह आवरत नाही. आचारांग आणि कल्पसूत्र यांचे इंग्रजी भाषांतर १८८४ मध्ये आणि उत्तराध्ययन व सूत्रकृतांग यांचे १८९५ मध्ये ज्यांनी प्रसिद्ध केले, त्या हर्मन याकोबी यांचे नाव बहुतेक जैन कुटुंबांना ठाऊक असते. त्याच याकोबींनी १८९७ मध्ये जर्मन भाषेत एक छोटा ग्रंथ लिहिला. त्याचा विषय होता समास आणि गौण वाक्य. आपल्या भाषाकुळात विशेषण-वाक्ये रूढ होण्यापूर्वी त्यांचे काम समास करीत असत, अशी त्यांची मांडणी होती. नीलकंठाचा विग्रह करणारा शाळकरी मुलगा नकळत तोच प्रवास एका ओळीत करीत असतो.

आपल्या भाषेची आणखी एक सोय इंग्रजीत नाही. आपण प्रश्नासाठी ‘क’ आणि संबंधासाठी ‘ज’ वेगळा ठेवला आहे: कोण–जो, कोठे–जेथे, केव्हा–जेव्हा, कसा–जसा, किती–जितका. इंग्रजीने दोन्ही कामे एकाच शब्दावर टाकली. ‘हू’ म्हणजे ‘कोण’ही आणि ‘जो’ही, ‘विच’ म्हणजे ‘कोणते’ही आणि ‘जे’ही. म्हणून लहान मुलाला ‘द मॅन हू’ वाचताच प्रश्न विचारला जातो आहे असे वाटते, आणि त्यात त्याचा दोष नाही. शिवाय इंग्रजीने माणसांना ‘हू’ आणि बाकी साऱ्या जगाला ‘विच’ अशी वाटणी केली आहे. घरातल्या लाडक्या कुत्र्याला प्रेमाने ‘हू’ म्हणतात हे खरे. पण रस्त्यावरची गाय आणि रस्त्यावरचा दगड यांना इंग्रजी एकाच रांगेत बसवते. जीव आणि अजीव यांचा विवेक बालपणापासून शिकलेल्या वाचकाला ही वाटणी पटणे कठीण. व्याकरण म्हणून मात्र ती पाळावी लागते. ती फार जुनीही नव्हे. १६११ च्या सुप्रसिद्ध इंग्रजी बायबलमध्ये परमेश्वरासाठीसुद्धा ‘विच’ वापरलेले आहे.

आता ‘हू’, ‘हूम’, ‘हूज’ आणि त्यांच्या मागेपुढे येणारी ‘इन’, ‘विथ’, ‘टू’ ही शब्दयोगी अव्यये यांचा विचार करू. येथे मराठी मुलाच्या हाती एक उत्तम साधन आहे, ते म्हणजे विभक्ती. ‘ज्या घरात माझा जन्म झाला ते घर’ यातील ‘घरात’मधला ‘त’ इंग्रजीत ‘इन’ होतो: ‘द हाउस इन विच आय वॉज बॉर्न’. ‘द हाउस विच आय वॉज बॉर्न’ असे कोणी लिहिले, तर मराठीत ‘जे घर माझा जन्म झाला’ असे म्हटल्यासारखे होते. मराठीत ती चूक पाच वर्षांचे मूलही करणार नाही. ‘ज्या मैत्रिणीबरोबर’ म्हणजे ‘विथ हूम’, ‘ज्या खुर्चीवर’ म्हणजे ‘ऑन विच’, ‘ज्याचे वडील’ म्हणजे ‘हूज फादर’. ‘हूज’ निर्जीव वस्तूंनाही चालते. ‘ज्या देवळाचा कळस दुरून दिसतो’ त्या देवळाविषयी ‘द टेम्पल हूज स्पायर’ असे म्हणण्यास हरकत नाही. बोलताना इंग्रज ते ‘इन’ किंवा ‘विथ’ वाक्याच्या शेवटी नेतो: ‘द हाउस आय वॉज बॉर्न इन’. सतराव्या शतकात ड्रायडनने या सवयीस नाके मुरडली आणि पुढे कित्येक पिढ्यांच्या शिक्षकांनी तो निषिद्ध प्रकार मानला. पण आज कोणी जाणता व्याकरणकार त्यास चूक म्हणत नाही. ते अव्यय पुढे असो वा शेवटी, ते हरवता कामा नये, एवढेच पाहायचे.

मात्र हेच साधन दोन ठिकाणी घात करते. ‘ज्याने हे पत्र लिहिले’ यात ‘ने’ आहे म्हणून विद्यार्थी ‘बाय हूम’कडे धावतो. ‘ज्याला इंग्रजी येते’ यात ‘ला’ आहे म्हणून तो ‘टू हूम’ किंवा नुसते ‘हूम’ लिहितो. दोन्ही चुकीचे. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला ‘ने’ लागतो. भूक, आठवण, राग, ज्ञान अशा गोष्टी ज्याच्या ठायी उपजतात त्याला आपण ‘ला’ लावतो. ते आपल्या भाषेचे वळण आहे. इंग्रजीत हे दोघेही निखळ कर्ते आहेत, म्हणून दोन्ही ठिकाणी ‘हू’ हवे: ‘हू रोट धिस लेटर’, ‘हू नोज इंग्लिश’. वर जितेंद्रियाच्या विग्रहात आलेला ‘ज्याने’ही इंग्रजीत ‘हू’च होईल.

अशा वेळी पाठांतरापेक्षा एक साधी कसोटी अधिक उपयोगी पडते. विशेषण-वाक्य बाजूला काढावे आणि ते स्वतंत्र इंग्रजी वाक्य म्हणून पुरे करावे. त्यात ‘ही’ बसत असेल तर ‘हू’, ‘हिम’ बसत असेल तर ‘हूम’. ‘ही रोट द लेटर’, म्हणून ‘हू’. ‘आय मेट हिम’, म्हणून ‘हूम’. या कसोटीचे खरे मोल कळते ते ‘आय थिंक’, ‘शी सेज’ अशी वाक्ये मध्ये घुसतात तेव्हा. ‘द बॉय हू आय थिंक विल विन’ हे बरोबर की ‘हूम आय थिंक विल विन’? कानाला दुसरे अधिक भारदस्त वाटते. पण ‘आय थिंक’ क्षणभर झाकून ठेवले तर उरते ‘ही विल विन’, अर्थात ‘हू’. हा चकवा भल्याभल्यांना भोवला आहे, आणि १६११ च्या त्याच बायबलात तो एका अत्यंत प्रसिद्ध प्रश्नात सापडतो. तेव्हा नववीच्या मुलाचे गुण कापताना परीक्षकाने थोडी क्षमाशीलता दाखवावी.

स्वल्पविरामाचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण तेथे अर्थच पालटतो. समजा, एखाद्या शिष्यवृत्तीची इंग्रजी सूचना अशी आहे: ‘स्टुडंट्स हू हॅव स्कोअर्ड एटी पर्सेंट मे अप्लाय’. याचा अर्थ, ज्या विद्यार्थ्यांना ऐंशी टक्के गुण आहेत त्यांनीच अर्ज करावा. आता ‘स्टुडंट्स’पुढे एक आणि ‘पर्सेंट’पुढे एक असे दोन स्वल्पविराम घाला. मग अर्थ होतो की विद्यार्थ्यांनी अर्ज करावा, आणि जाता जाता सांगायचे तर, सर्वच विद्यार्थ्यांना ऐंशी टक्के गुण आहेत! पहिल्या वाक्यातील विशेषण-वाक्य निवड करते. दुसऱ्यातील केवळ माहिती पुरवते. सूचनाफलकांवर दुसरा प्रकार सर्रास दिसतो, कारण मराठीत ‘जे विद्यार्थी...’ लिहिताना ‘ते’च्या आधी स्वल्पविराम देण्याची आपल्याला सवय आहे आणि हात आपोआप तेथे थबकतो.

मृत्युपत्रासारख्या कागदात तर ही गोष्ट घरापर्यंत येते. ‘माय डॉटर्स हू आर अनमॅरिड’ म्हणजे मुलींपैकी ज्या अविवाहित आहेत त्या. स्वल्पविराम दिले की सर्व मुली, आणि त्या सर्व अविवाहित. एका मुलीचे लग्न झालेले असेल, तर त्या दोन चिन्हांच्या असण्यानसण्यावर तिचा वाटा अवलंबून राहू शकतो. मराठीत आपण ‘माझ्या ज्या मुली अविवाहित आहेत त्यांना’ असे लिहिले की शंकेला जागा राहत नाही, कारण आधी येणारा ‘जो’ नेहमी निवडच करतो. नुसती माहिती द्यायची असल्यास मराठी दुसरे वाक्य करते: ‘माझ्या मुली अविवाहित आहेत, त्यांना...’. ‘माझा भाऊ, जो पुण्यात राहतो, उद्या येणार आहे’ ही अलीकडे वर्तमानपत्रांतून फोफावलेली रचना प्रस्तुत लेखकाला मराठी वळणाची वाटत नाही. ती इंग्रजी स्वल्पविरामांची सावली आहे.

याच संदर्भात ‘दॅट’ आणि ‘विच’ यांचा वाद येतो. निवड करणाऱ्या वाक्याला ‘दॅट’ आणि माहिती देणाऱ्याला ‘विच’ अशी विभागणी केली तर भाषा अधिक स्वच्छ होईल, अशी सूचना फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात केली. अमेरिकेतील संपादकांनी ती जवळजवळ नियम म्हणून स्वीकारली; ब्रिटिश लेखक निवड करतानाही ‘विच’ खुशाल वापरतात. एवढे मात्र दोन्हीकडे मान्य आहे की माहितीपर वाक्यात, म्हणजे स्वल्पविरामानंतर, ‘दॅट’ शोभत नाही.

विशेषण-वाक्य कोणत्या विशेष्याला चिकटते, हा यापुढचा आणि माझ्या मते सर्वांत कठीण प्रश्न. तो केवळ परीक्षेतला प्रश्न नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १२ नोव्हेंबर २००३ रोजी ‘बार्नहार्ट विरुद्ध थॉमस’ हा खटला निकालात काढला, तो जवळजवळ एका ‘विच’वर. श्रीमती थॉमस या लिफ्ट चालवण्याचे काम करीत. १९९५ मध्ये ते पदच रद्द झाले. पुढल्या वर्षी त्यांनी शारीरिक व्याधींमुळे अपंगत्वाच्या शासकीय साहाय्यासाठी अर्ज केला. तो नाकारण्यात आला, कारण त्या आपले पूर्वीचे काम अजून करू शकतात, असा निष्कर्ष निघाला. त्यांचे म्हणणे असे की, लिफ्ट चालवण्याचे काम आता देशात उरलेच कोठे? कायद्यातील शब्दांचा आशय असा होता: अर्जदार आपले पूर्वीचे काम करण्यास असमर्थ असला पाहिजे, आणि शिवाय अन्य कोणतेही काम, ‘विच’ देशाच्या अर्थव्यवस्थेत अस्तित्वात आहे, ते करण्यासही असमर्थ असला पाहिजे. आता हे ‘अस्तित्वात आहे’ कोणाला लागू? केवळ ‘अन्य काम’ याला, की ‘पूर्वीचे काम’ यालाही?

खालच्या न्यायालयाच्या पूर्णपीठाने थॉमस यांचा पक्ष घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निर्णय फिरवला. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी लिहिले की असे वाक्य साधारणतः त्याच्या लगेच आधीच्या विशेष्यालाच लागते; संदर्भ वेगळे सांगत असेल तर गोष्ट निराळी. म्हणजे ‘अस्तित्वात आहे’ ही अट ‘अन्य कामा’पुरती, पूर्वीचे काम जगात शिल्लक असो वा नसो, ते करण्याची शक्ती आहे एवढे पुरे. दृष्टान्त त्यांनी घरातलाच दिला. आईवडील शनिवार-रविवार बाहेरगावी जाताना तरुण मुलाला बजावतात की, मेजवानी केलीस किंवा घराचे नुकसान होईल असे दुसरे काही केलेस तर शिक्षा होईल. मुलगा मेजवानी करतो आणि पकडला गेल्यावर म्हणतो, ‘घराचे नुकसान कोठे झाले?’ कोणते आईवडील हा युक्तिवाद ऐकतील? दृष्टान्त बिनतोड आहे. पण जे काम जगातून नाहीसे झाले ते करता येते म्हणून साहाय्य नाकारले जाणे, हे व्याकरणाने सुटले तरी मनातून सुटत नाही.

मराठीत हा पेच असा पडला नसता, आणि पडला असता तर उलट दिशेने पडला असता. इंग्रजीत वर्णन मागे असते, म्हणून ते शेवटच्या नामाला चिकटते. मराठीत ते पुढे असते: ‘अस्तित्वात असलेले पूर्वीचे किंवा अन्य काम’ म्हटले की ते पहिल्यास निश्चित लागते, दुसऱ्यास लागते की नाही हा संशय. ‘जे’ हा शब्द मात्र आपल्याला जागा निवडण्यास भाग पाडतो. ‘पूर्वीचे काम, किंवा जे अन्य काम अस्तित्वात आहे ते’ असे लिहिणाऱ्याने आपले मत उघड केलेले असते.

घरगुती व्यवहारातही हेच. ‘द डॉटर ऑफ द लॉयर हू लिव्ज इन कोल्हापूर’ असे एखाद्या परिचयपत्रात वाचले तर कोल्हापुरात कोण राहते, मुलगी की वकील? इंग्रजी ‘हू’ला लिंग नाही. आपण ‘कोल्हापुरात राहणारी वकिलांची मुलगी’ आणि ‘कोल्हापुरात राहणाऱ्या वकिलांची मुलगी’ यांत एका मात्रेने फरक करतो. इंग्रजी लिहिणाऱ्याला वाक्यच फिरवावे लागते, आणि ते त्याने फिरवावे.

एका जागी मात्र मराठी मांडणी इंग्रजीची गाठ क्षणात सोडवते. ‘शी इज वन ऑफ द गर्ल्स हू सिंग वेल’ की ‘सिंग्ज वेल’? ‘वन’ पाहून बहुतेक जण एकवचन करतात. मराठीत मांडा: ‘ज्या मुली चांगल्या गातात त्यांपैकी ती एक’. गाणाऱ्या मुली अनेक, म्हणून ‘सिंग’. आता ‘द ओन्ली वन ऑफ द गर्ल्स’ घ्या: ‘त्या मुलींपैकी जी चांगली गाते अशी ती एकटीच’. म्हणून ‘सिंग्ज’. याउलट ‘ही केम लेट, विच अपसेट हिज मदर’ अशा वाक्यात ‘विच’ कोणा एका नामाकडे पाहत नाही, सबंध घटनेकडे पाहते. तेथे ‘जे’ शोधत बसू नये. ‘तो उशिरा आला, याचे आईला वाईट वाटले’ असेच मराठी समजावे.

राहिला गाळलेला शब्द. ‘द बुक आय रेड’ यात ‘विच’ किंवा ‘दॅट’ नाही, तरी वाक्य शुद्ध आहे. संबंधी सर्वनाम कर्माच्या जागी असेल तर इंग्रजीत ते गाळता येते. मराठीत ‘जे’ असे गुपचूप निघून जात नाही. ‘द बॉय टोल्ड द न्यूज वेप्ट’ हे वाक्य तर पहिल्या वाचनात मोडकेच वाटते. मुलाने बातमी सांगितली, मग ‘वेप्ट’ कोणाचे? ‘टोल्ड’च्या आधी ‘हू वॉज’ ठेवून पाहा. ज्या मुलाला बातमी सांगितली गेली, तो रडला.

सरावासाठी जॅकने बांधलेल्या घराच्या जुन्या इंग्रजी बालगीताची युक्ती उत्तम आहे. १७५५ साली छापलेले हे गीत प्रत्येक कडव्यात आधीचे सारे वाक्य एका नव्या विशेषण-वाक्यात गोवते. घरी मुलांबरोबर स्वतःची साखळी करावी. ‘धिस इज द लाडू दॅट आजी मेड.’ पुढचा म्हणेल, ‘धिस इज द अँट दॅट एट द लाडू दॅट आजी मेड.’ त्यापुढची, ‘धिस इज द गर्ल हू जेंटली मूव्ह्ड द अँट दॅट एट द लाडू दॅट आजी मेड.’ कोणी ‘दॅट आजी मेड इट’ म्हटले तर बाकीच्यांच्या कानाला ते तत्काळ खटकेल. मग तीच साखळी आजीला मराठीत सांगावयास लावावी: आजीने केलेला लाडू खाणाऱ्या मुंगीला हळूच बाजूला करणारी मुलगी. इंग्रजी साखळी उजवीकडे वाढत गेली, आजीची डावीकडे; आणि इंग्रजीत शेवटी बसलेली आजी मराठीत सर्वांच्या आधी आली.